मंद सुराला लागणारा दम

चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी १८९३ च्या ऑक्टोबरात सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात एका ठिकाणी सगळा वाद्यवृंद ओसरत जातो आणि क्लॅरिनेटवर एक धून येते. ती विरत विरत खाली उतरते आणि शेवटचे मोजके स्वर बासूनकडे जातात. पाश्चात्त्य स्वरलिपीत मंद वाजवण्याची खूण म्हणजे ‘पी’ हे अक्षर. एक ‘पी’ म्हणजे हळू, दोन म्हणजे फार हळू. त्या शेवटच्या स्वरांखाली चायकोव्हस्कीने सहा ‘पी’ लिहिले आहेत. बासूनला तिथे इतकं मंद वाजवणं फार जड जातं, म्हणून अनेक वाद्यवृंद ते स्वर बास क्लॅरिनेटला देतात. लगेच पुढच्या क्षणी सगळा वाद्यवृंद पूर्ण ताकदीने आदळतो.

शांततेच्या इतक्या जवळ जाण्याची ताकद फुंकून वाजवायच्या फार थोड्या वाद्यांत आहे. क्लॅरिनेट त्यांतलं एक. पण ही ताकद वाद्यात असली तरी वादकाला आयती मिळत नाही. शिकणारा मुलगा काही महिन्यांत मोठ्याने वाजवू लागतो. मंद वाजवायला त्याला वर्षं लागतात. मंद सूर श्वासावर उभा राहतो की ओठांवर, याबद्दल वादकांत दोन पक्ष आहेत. ते दोन्ही समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद. मास्तर बँडमध्ये वाढलेले. वरात, मिरवणूक आणि मग मैफल अशा वाटेने त्यांचं वादन तयार झालं. ताई पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या, आता मुलांना शिकवतात.

मास्तर : ताई, मी सरळ सांगतो. सूर निघतो माउथपीसवरच्या पातळ कापटीतून, म्हणजे रीडमधून, आणि रीड टेकलेली असते खालच्या ओठावर. मग आवाज कमी-जास्त करायचा तो ओठानेच. छातीचं काम हवा पुरवण्याचं, ते तिने गुपचूप करावं. मंद वाजवताना मी फुंक फारशी बदलत नाही. ओठ बदलतो.

ताई : मास्तर, तुमचा ओठ तयार झालाय, म्हणून तुम्हाला ते साधतं. माझ्याकडची मुलं हेच करायला जातात तेव्हा काय होतं ते सांगते. आधी सूर चढतो. मग आवाज चिमटल्यासारखा बारीक होतो. आणखी हळू जायला गेली की रीड मिटते आणि आवाजच बंद पडतो. शिवाय खालच्या ओठाच्या आत दातांचे वळ उठतात. ‘हळू वाजव’ म्हटलं की मुलगा आवळतो. म्हणून मी ओठाचं नावच काढत नाही, आधी श्वासाचं सांगते.

मास्तर : वळ उठतात ते ओठाने नाही, जबड्याने. मुलगा चावतो. ओठ लावणं वेगळं आणि चावणं वेगळं. ओठाचे दोन्ही कोपरे माउथपीसकडे आत घ्यावेत, हनुवटी सपाट ठेवून खाली ओढावी, म्हणजे रीडखाली ओठाची पातळ आणि घट्ट गादी तयार होते. हनुवटी गोळा होऊन वर आली की समजावं, जबडा चावतोय. हे न सांगता तुम्ही मुलाला नुसता श्वास शिकवलात तर तो श्वास जाणार कुठे?

ताई : ठेवणीबद्दल तुमचं-माझं भांडणच नाही. भांडण आहे ते हळू होताना नेमकं काय बदलायचं, यावर. रीड करते काय ते बघू. माउथपीसच्या टोकाशी रीड आणि कड यांत साधारण १ मिलिमीटरची फट असते. तोंडातल्या हवेचा दाब रीडला माउथपीसकडे ढकलतो. दाब कमी असेल तर हवा फटीतून नुसती सूं सूं करत जाते. दाब एका हद्दीपुढे गेला की रीड थरथरू लागते आणि सूर निघतो. फारच वाढवला तर फट पूर्ण मिटते. सोप्या गणिताने बघितलं तर फट मिटवायला जेवढा दाब लागतो त्याच्या साधारण एक तृतीयांशावर सूर सुरू होतो. हा झाला सुराचा उंबरठा. मंद सूर म्हणजे उंबरठ्याच्या किंचित वर राहिलेला सूर. दाब त्याखाली गेला की सूर मेला. म्हणून हळू वाजवताना फुंक सोडून देता येत नाही. मुलं नेमकी तिथेच चुकतात. हळू म्हणजे ढिलं असं त्यांना वाटतं आणि सूर मधेच तुटतो.

मास्तर : तुमचंच गणित घेतो. हा उंबरठा ठरवतं कोण? फट किती मोठी आणि रीड किती ताठ, यावरच ना? ओठाने रीडला जरासा आधार दिला की फट लहान होते. फट लहान झाली की ती मिटवणारा दाब कमी होतो, म्हणजे त्याचा एक तृतीयांशही कमी. उंबरठाच खाली आला! मग जास्त मंद सूर कुणामुळे मिळाला?

ताई : ओठामुळे. हे मला मान्य करायलाच हवं. आणि ओठाचं आणखी एक काम आहे. मऊ ओठ रीडची स्वतःची किरकिर शोषून घेतो. ओठ काढून रीडवर दात टेकवले तर वाद्य नुसतं किंचाळतं. पण तुमच्या उपायाला किंमत आहे. ओठाचा दाब वाढला की सूर चढतो. मंद वाजवताना क्लॅरिनेट मुळातच चढं लागतं, त्यात ओठ आवळला की आणखी चढतं. बासरीचं उलटं; फुंक कमी केली की ती उतरते. वाद्यवृंदात बासरी आणि क्लॅरिनेट यांना एकच स्वर अगदी हळू धरायला सांगितला तर एक खाली जाते, एक वर, आणि हळू असल्यामुळे ते बेसूर जास्तच टोचतं.

मास्तर : म्हणूनच मी मुलांना तंबोऱ्यावर बसवतो. षड्ज लावायचा, मोठ्या आवाजापासून अगदी बारीक होईपर्यंत न्यायचा आणि तंबोऱ्यातून सुटू द्यायचा नाही. सूर चढायला लागला की मुलाला कळतं, ओठ जास्त झाला. मला सांगावं लागत नाही.

ताई : हा उपाय माझ्या ट्यूनरच्या काट्यापेक्षा चांगला आहे. काटा डोळ्याला कळतो, तंबोरा कानाला. पण मास्तर, सूर चढल्याचं कळल्यावर त्या मुलाने ओठ सैल केला तर हळूपणा कशाने टिकवायचा? तिथे श्वास लागतो. आणि त्याबद्दल फार ढोबळ बोललं जातं. ‘पोटाने फुंक’, ‘श्वासपटलाने ढकल’.

मास्तर : आम्हालाही तसंच सांगितलं होतं. बेंबीशी हात ठेवून जोर लावायला लावायचे.

ताई : श्वासपटल हवा बाहेर ढकलत नाही. तो श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. तो आकसून खाली जातो तेव्हा हवा आत येते. बाहेर ढकलतात पोटाचे आणि फासळ्यांमधले स्नायू. पण खरी गंमत वेगळी आहे. पूर्ण श्वास भरला की फुप्फुसं आणि छाती ताणलेली असतात. अंग सैल सोडलं तर ती आपोआप मिटू पाहतात आणि तेवढ्यानेच ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका किंवा त्याहून जास्त दाब तयार होतो. आपण बोलतो तेव्हा ५ ते १० सेंटिमीटर पुरतात. क्लॅरिनेटला साधारण २० ते ६० लागतात आणि मंद सूर यातल्या खालच्या टोकाला असतो. आता हिशेब करा. छाती भरलेली असताना मंद सूर लावायचा तर ढकलायला नको, उलट रोखून धरावं लागतं. श्वास आत घेणारे स्नायू तेव्हा सुटायचे नसतात, त्यांनी छाती धरून ठेवायची असते. श्वास खर्च होत गेला की तो आपोआपचा दाब मावळतो, आणि मग पोटाने हळूहळू ढकलायला लागायचं. सूर एकच, पण त्याच्या सुरुवातीला एक स्नायू राबतो आणि शेवटी दुसरा.

मास्तर : म्हणजे पोटावर हात ठेवून सारखा जोर लावणारा मुलगा पहिल्याच क्षणी जास्त दाब देतो.

ताई : हो, आणि तो जास्तीचा दाब अडवायला मग ओठ आवळतो. तुम्ही ज्याला ओठाचा दोष म्हणता तो पुष्कळदा श्वासाचा दोष असतो. शाळेच्या मैदानावरची स्लो सायकलिंगची शर्यत आठवा. तिथे पेडल आणि ब्रेक दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात. पेडल सोडलं की सायकल पडते, ब्रेक सोडला की पुढे जाते. मंद सुराचा श्वास असाच आहे.

मास्तर : हे मला पटलं. गवई खर्ज लावतात तेव्हा दमसास म्हणून जे कमावतात त्यात हेच असणार. नुसती हवा जास्त भरणं म्हणजे दमसास नाही, हवा खर्च कशी होते ते हातात असणं म्हणजे दमसास. पण ताई, आता माझी बाजू पुन्हा ऐका. तुम्ही ओठ स्थिर ठेवायला सांगता. आमच्या संगीतात तसं चालणार नाही. हिंदुस्थानी संगीत या वाद्यावर वाजवणारे पंडित नरसिंहलू वडवाटी घ्या, किंवा कर्नाटक संगीतातले ए. के. सी. नटराजन. मींड आणि गमक आल्याशिवाय राग उभा राहत नाही. बोटं छिद्रांवरून सरकतात, पण दोन स्वरांमधली जागा ओठ आणि गळा भरून काढतात. ओठ गोठवून ठेवला तर मींडीची पायरी होईल.

ताई : बरोबर. ओठ स्थिर हवा म्हणते तेव्हा मला गोठलेला ओठ नको असतो. मींडीत तो सुराच्या उंचीसाठी हलतो, ते त्याचंच काम आहे. आवाज दाबून टाकण्यासाठी त्याने हलू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि तुम्ही गळा म्हणालात, तिथे जीभही येते. जिभेचा मागचा भाग ‘ई’ म्हणताना असतो तसा वर ठेवला की मंद सूरही नेमका राहतो. जीभ खाली पडली की तोच सूर पसरट आणि उतरलेला लागतो. वरच्या स्वरांत तर जिभेवर बरंच अवलंबून असतं. या वाद्यात रजिस्टरची कळ दाबली की सूर एक सप्तक वर जात नाही, सप्तक आणि वर पाच स्वर चढतो. मंद्र षड्जावरून थेट मध्य पंचम. त्या वरच्या भागात हळू वाजवताना जीभ ढिली पडली की खालचा स्वर घुरघुरत वर येतो.

मास्तर : आणि सुराची सुरुवात? माझ्या मते मंद सुरात सगळ्यांत अवघड तीच. मुलं जिभेने रीडवर टक्कन मारतात आणि हळू सुराला डोकं फुटतं.

ताई : जीभ मारायची नसते, उचलायची असते. आधी जिभेचं टोक रीडवर अलगद टेकवायचं. ते टेकलेलं असतानाच मागे दाब तयार करायचा, उंबरठ्याच्या थोडा वर. मग जीभ नुसती बाजूला घ्यायची. सूर आधीच तयार असतो, त्याला फक्त वाट मिळते. दुसरा मार्ग म्हणजे जीभ न लावता नुसत्या श्वासाने शून्यातून सूर आणायचा. हे क्लॅरिनेटला विशेष जमतं. त्याची नळी सरळ, दंडगोल आहे. तिच्यात उंबरठा ओलांडताना आवाज अगदी थोडा सुरू होऊन हळूहळू वाढू शकतो. सॅक्सोफोन आणि ओबो यांची नळी निमुळती होत गेलेली, तिच्यात सूर सुरू होतानाच उडी मारण्याकडे कल असतो.

मास्तर : असं शून्यातून येणं कुणी रचनेत मुद्दाम वापरलंय का?

ताई : फ्रेंच संगीतकार मेसियाँने. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या ताब्यात युद्धकैदी होता. छावणीत जे वादक हाती होते त्यांच्यासाठी त्याने क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशा चार वाद्यांची रचना पुरी केली. गर्लिट्झच्या त्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी ती वाजली. क्लॅरिनेट ऑन्री अकोकाने वाजवलं. तिचा तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे. त्यात एकच स्वर जवळजवळ ऐकू न येण्यापासून सुरू होतो आणि वाद्याची पूर्ण ताकद लागेपर्यंत वाढत जातो, तोही अतिशय संथ लयीत. असे लांब स्वर पुन्हा पुन्हा येतात. एवढा प्रवास केवळ ओठाने करता येत नाही. फुंक वाढत जाईल तसा ओठाने किंचित जागा द्यायची आणि सूर उतरू द्यायचा नाही. दोघांना बरोबर चालावं लागतं.

मास्तर : म्हणजे तुम्हीही शेवटी ओठापाशी आलात.

ताई : आले. पण श्वासाच्या मागून.

मास्तर : बरं, चावण्याचा एक जुना उपाय मी वापरतो. वरचे दात माउथपीसवर टेकवायचे नाहीत, वरचा ओठही दातांवरून आत वळवायचा. दोन्ही बाजूंना ओठ. मग चावताच येत नाही; चावलं की वरचा ओठ दुखतो. मुलाचं अंगच त्याला शिकवतं.

ताई : अमेरिकेत ही पद्धत मोठ्या वादकांनी कायमची वापरली आहे. फिलाडेल्फिया वाद्यवृंदातले राल्फ मॅक्लेन, आणि १९७० ते १९९३ या काळात बोस्टन सिंफनीचे प्रमुख क्लॅरिनेटवादक असलेले हॅरॉल्ड राइट. राइटच्या मंद सुराची आजही वादक आठवण काढतात. मी मुलांना कायम तसं वाजवायला सांगत नाही, वाद्याचं वजन पेलत नाही त्यांना. पण रोज थोडा वेळ करायला हा अभ्यास उत्तम. त्याच्या जोडीला उजव्या अंगठ्याने वाद्य किंचित वर उचलून धरायचं. माउथपीस वरून नीट टेकला की खालच्या जबड्याला धरून ठेवण्याची गरज वाटत नाही.

मास्तर : माझ्याकडे आणखी एक तक्रार आहे. मुलं कडक रीड घेतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की साडेतीन नंबर वाजवला म्हणजे मोठा वादक. मग हळू वाजवताना सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते.

ताई : रीड ताठ असली की उंबरठा वर जातो, हे तुम्हीच मघाशी सांगितलंत. फार मऊ घेतली तर जराशा ओठाने मिटते. अडीच-तीनच्या आसपास सुरुवात करून आपल्या माउथपीसला जुळेल ती घ्यावी. आणि हवामान बघावं. मुंबईच्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या एप्रिलमध्ये एकच रीड सारखी वागत नाही; शेवटी ती बोरूच्या जातीच्या वनस्पतीची कापटी आहे, ओल लागली की फुगते, सुकली की वाकडी होते. तीन-चार रीड आलटून पालटून वापराव्यात.

मास्तर : आता मला सांगा, उद्या मुलगा आला तर त्याच्याकडून पहिलं काय करून घेऊ? श्वासाच्या बाजूचं सांगा. ओठाचं मी बघतो.

ताई : रुंद तोंडाची उंच बाटली घ्या, पाणी भरा आणि एक बारीक नळी २० सेंटिमीटर खोल बुडवा. नळीतून फुंकायला सांगा. २० सेंटिमीटरचा दाब तयार झाल्याशिवाय एकही बुडबुडा निघणार नाही. मंद सुराला साधारण एवढाच दाब लागतो. आता त्याने एकामागून एक, सारख्या अंतराने, कमीत कमी बुडबुडे सोडायचे. गाल फुगवायचे नाहीत. चक्कर आली तर थांबायचं. दाब आहे पण हवा थोडीच जाते, हे त्याला अंगाने कळेल. मग लगेच वाद्य हातात घेऊन खालच्या सप्तकातला एक सोपा स्वर तुमच्या तंबोऱ्याबरोबर लावायचा. आधी मध्यम आवाजात, मग हळू, मग आणखी हळू, आणि मरण्याआधी परत मोठा. हनुवटी आरशात बघत.

मास्तर : आणि मी सांगेन, सूर बारीक करताना ओठाचे कोपरे सोडू नकोस. मुलं फुंक कमी करतात तसे कोपरेही सोडतात आणि हवा बाजूने निसटते. श्वास कमी होतो तेव्हा कोपऱ्यांना काम जास्त असतं.

ताई : हे वाक्य मी माझ्या वर्गात घेऊन जाणार.

या वादात माझा कौल असा आहे. मंद सूर सुरू होतो श्वासापासून आणि पुरा होतो ओठांनी. दाब उंबरठ्याच्या वर, सारखा आणि हिशेबाने पुरवणं हे श्वासाचं काम, आणि ते आधी शिकायचं. रीडला आधार देणं, किरकिर शोषणं आणि सुराची उंची सांभाळणं हे ओठांचं काम. ते पहिल्या दिवसापासून बरोबर घडवायचं, पण आवाज दाबण्याची मजुरी त्यांच्यावर लादायची नाही. क्रम उलटा झाला की सूर चढतो, ओठ सोलवटतो आणि मुलगा मंद वाजवायला भिऊ लागतो.

आपल्याकडे क्लॅरिनेट शिकणारी पुष्कळ मुलं आजही बँडपथकांतून येतात. रस्त्यावर ढोल आणि ट्रम्पेटच्या शेजारी उभं राहून वाजवताना त्यांना मंद सुराची गरजच पडत नाही, म्हणून तो त्यांना कुणी शिकवतही नाही. माझी बँडमास्तरांना विनंती आहे. आठवड्यातून एक तास या मुलांना बंद खोलीत, तंबोऱ्यासमोर बसवा आणि एकच स्वर जितका हळू लावता येईल तितका लावायला शिकवा. तोच दम त्यांना मिरवणुकीतही पुरेल आणि मैफलीतही.